जर्मनचं झाकण

आमच्या ओसरीवर एकच बोर्ड आणि त्यात दोन सॉकेटं. एक चालतं. दुसऱ्यात पूर्वी कधीतरी पाल शिरली, ती बाहेर आलेली कुणी पाहिली नाही, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. गेल्या आषाढात त्या एका चालू सॉकेटाखाली एकोणीस मोबाईल रांगेनं निजवलेले होते. दर्शनबारीच ती. पहिला मोबाईल भिंतीच्या पायाशी, शेवटचा थेट जात्यापाशी. आणि सात वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

करमाळ्याहून जेऊरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आमच्याच तालुक्यातून पंढरीला जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्यांतली एक लहानशी दिंडी माझ्या वडलांच्या काळापासून आमच्या अंगणात एक रात्र टेकते. वडलांच्या वेळी ही माणसं अंगणात शिरताच विचारायची, ‘आडाचं पाणी गोड हाय का?’ पुढं विचारायला लागली, ‘संडास कुठल्या बाजूला?’ आता पखवाज खांद्यावरनं उतरायच्या आधी विचारतात, ‘गुरुजी, चार्जिंगची सोय?’ यात मला वावगं काही वाटत नाही. माणूस पांडुरंगाकडं निघाला म्हणून मागं म्हैस व्यायची थांबत नाही, आणि ती व्याली तर रेडा झाला का पारडी हे कळल्याबिगर हरिपाठात लक्ष लागत नाही.

लाईट आली रात्री साडेतीनला. तोवर एकोणीसपैकी एक फोन भरला होता, तो ट्रकच्या ड्रायव्हरचा. एक आजी आपला मेलेला फोन पिशवीत घालताना म्हणाल्या, ‘‘असू द्या गुरुजी. पांडुरंगाला काय फोन करून जायाचं हाय?’’ त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हा मोठेपणा मला सोसला नाही आणि मी सगळ्या दिंडीसमोर बोलून गेलो, ‘‘पुढच्या वर्षी सूर्यावर चार्ज करून देतो. सगळे!’’

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तेहतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. विज्ञानाचा तास आला की मी त्या पुस्तकातलं शुद्धलेखन घालत असे. ‘विद्युतप्रवाह’ आमच्या शाळेत एकाही पोरानं ऱ्हस्व-दीर्घ चुकवला नाही. तो वाहतो कसा, हे विचारायची वेळ माझ्यावरही आली नाही आणि त्यांच्यावरही.

पण ऊन तर होतं. करमाळ्यात ऊन मागावं लागत नाही, ते अंगावर येतं. भूगोलात आमच्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. या प्रदेशात छाया काय ती एवढ्या शब्दापुरतीच आहे. बाकी बाभळीखाली उभं राहिलं तरी अर्धं ऊन गाळून अंगावर येतं. एवढा माल फुकट पडून असताना एक पॉवर बँक भरायची म्हणजे काय अवघड, असं मला वाटलं. अवघड हेच होतं, की माल जास्त होता.

पॅनेल मिळालं व्याह्यांकडून. आमच्या थोरलीचे सासरे, आबा. कंदरला त्यांची केळी आहे. रानडुकरांसाठी त्यांनी शेताच्या कडेनं झटका मशीन बसवली होती. तिची बॅटरी गेली, मशीन गेली, डुकरं राहिली आणि पॅनेल राहिलं. चाळीस वॉटचं, मागं चिकटवलेल्या कागदावर ‘12 व्होल्ट’ लिहिलेलं. व्याही असल्यामुळं आमच्या दोघांत एक अडचण कायमची आहे. ते मला येडं म्हणू शकत नाहीत आणि मी त्यांना अडाणी म्हणू शकत नाही. त्यामुळं या साऱ्या प्रकरणात आम्ही एकमेकांची जी अक्कल काढली, ती आदरार्थी बहुवचनात काढली.

मीटर आणला स्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून. तो माझा विद्यार्थी. वर्गात कायम शेवटच्या पट्टीवर बसायचा आणि मास्तरचं घड्याळ खोलायची इच्छा त्याच्या डोळ्यांत दिसायची. आता त्याच्या दुकानात मला स्टूल मिळतं, गिऱ्हाईक आलं की उठायच्या अटीवर. मी पॅनेल अंगणात उन्हाला ठेवलं, मीटरच्या दोन सुया दोन तारांना लावल्या. आकड्याच्या आधी एक आडवी रेघ उमटली.

‘‘मायनस,’’ आबा म्हणाले. त्यांना जरासुद्धा नवल वाटलं नाही. उजनीच्या फुगवट्यावर केळी करणाऱ्या माणसाला उणे आकड्याचं भय राहत नाही. या धरणात एकूण 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातला 63 टीएमसीच्या वर मृत साठा. त्या रेघेखाली पाणी उतरलं की उणे टक्के मोजायला लागतात. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी जवळपास उणे साठपर्यंत गेली होती. शून्याच्या खालीही पुष्कळ काही असतं आणि ते पाइप लांबवून उपसता येतं, हे आमच्या भागात बीजगणित न शिकता कळतं. ‘‘उजनीगत खाली गेलंय. पाइप वाढवावा लागंल,’’ आबा म्हणाले.

पाइप वाढवावा लागला नाही, सुया उलट्या लागल्या होत्या. सरळ लावल्यावर मीटरनं 21.4 दाखवले.

मी पुन्हा कागद पाहिला. बारा. पुन्हा मीटर पाहिला. एकवीस. लग्नाच्या पत्रिकेत वय कमी लिहितात हे ठाऊक होतं, पॅनेलातही चालतं हे नवीन. मीटरवाल्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, चौकोन मोजा.’’ मोजले. छत्तीस भरले. मोजणीचं आम्हाला वावडं नाही. आमच्या कमलाभवानीच्या देवळाला, जे रावरंभा निंबाळकरांनी बांधलं, 96 खांब आहेत आणि तिथल्या विहिरीला 96 पायऱ्या, असं लहानपणापासून घोकलेलं; त्यामुळं दिसलं काही ओळीनं की आम्ही मोजतो. ‘‘एकेक चौकोन मोकळा असताना 0.6 व्होल्ट देतो. छत्तीस गुणिले करा,’’ पोरगा म्हणाला. वर्गात त्याचे पाढे मी घ्यायचो. ‘‘वर बारा लिहिलंय ते बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी. ती बॅटरीच भरताना चौदा-साडेचौदा मागते. म्हणून पॅनेल सतराअठराला काम करतंय, आन् मोकळं असलं की एकवीस. तुमच्या पॉवर बँकेला पाहिजे पाच. डायरेक जोडू नका.’’

हे शेवटचं वाक्य त्यानं आधी सांगायला हवं होतं. कारण छत्तीस चौकोनांचं आणि पाच व्होल्टचं जे नातं असतं, त्याला मराठीत फार पूर्वीच ‘छत्तीसचा आकडा’ म्हणून ठेवलेलं आहे, आणि पुण्याहून मुलानं आणलेल्या पॉवर बँकेची तांबडी-काळी तार मी बोलता बोलताच पॅनेलला जोडून बसलो होतो. आवाज झाला नाही. धूरही म्हणण्यासारखा नाही. नुसता वास आला, जळक्या रबराचा आणि बाराशे रुपयांचा.

ती पॉवर बँक बायकोनं चिमट्यात धरून परसातल्या उघड्या जागी, घरापासून लांब, वाळूवर नेऊन ठेवली. लिथियमच्या बॅटरीला मार बसला की तिला घरात ठेवू नये, हे तिला नातवानं शिकवलेलं. मला नव्हतं शिकवलं.

आता सतराचे पाच करायचे. पोरानं काउंटरवरच्या डबीतून एक तीन पायांचा काळा तुकडा काढून दिला. वर 7805 असा नंबर. ‘‘पहिल्या पायात कितीबी घाला, तिसऱ्यातनं पाचच येणार. मधला पाय दोघांचा.’’ मला ही गोष्ट फार आवडली. सरकारी कचेरीतसुद्धा असा मधला माणूस असतो. आपण कितीही दिलं तरी पलीकडं ठरलेलंच पोचतं. जोडलं, आणि खरंच पाच आले. दुसऱ्या पॉवर बँकेचा (ही मी स्वतः घेतली, मुलाला न सांगता) दिवा लागला. मी आनंदानं त्या काळ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

त्या बोटावरचा फोड पुढं आठ दिवस राहिला.

प्रकार असा आहे. हा तुकडा सतरातले पाच पुढं पाठवतो आणि उरलेले बारा व्होल्ट स्वतः गिळतो. गिळलेल्याची नुसती उष्णता होते. पॉवर बँक अर्धा अँपिअर घेत असली तर तिच्या पोटात अडीच वॉट जातात आणि तुकड्याच्या अंगात सहा वॉट पेटतात. पंक्तीत जेवले अडीच, सांडले सहा. शिवाय तो फार तापला की आतल्या आत आपणहून बंद पडतो, निवला की पुन्हा सुरू. मी आबांना हे समजावून सांगत होतो तर ते मध्येच म्हणाले, ‘‘म्हंजी ठिबकचा बायपास.’’

हे मला लिहून ठेवावंसं वाटतं, कारण तेहतीस वर्षांत विज्ञानाचं एवढं स्वच्छ वाक्य माझ्या वर्गात कुणी बोललं नव्हतं; अर्थात मीही बोललो नव्हतो. केळीच्या ठिबकला साधारण एक किलोचं प्रेशर लागतं. मोटार देते त्याच्या तिप्पट. तसंच सोडलं तर नळ्या फुटतात, ड्रिपर उडून जातात. म्हणून हेडवर बायपासचा कॉक ठेवायचा आणि जादाचं पाणी परत विहिरीत सोडायचं. ‘‘व्होल्ट म्हंजी प्रेशर आन् अँपिअर म्हंजी पाणी, न्हवं का? फकस्त आमच्या बायपासचं पाणी हिरीत तरी पडतंय. तुमचं हवेत चाललंय, गुरुजी.’’ शेवटचा ‘गुरुजी’ त्यांनी मुद्दाम लावला होता.

पोरानं सांगितलं, तुकड्याला अॅल्युमिनियमचा पत्रा जोडा, उष्णता पत्र्यात पसरंल. करमाळ्यात मी अॅल्युमिनियम शोधत का हिंडू? आमच्याकडं त्याला जर्मन म्हणतात आणि ते प्रत्येक घरी मांडणीवर असतं. दूध तापवायच्या पातेल्यावरचं जर्मनचं झाकण मी घेतलं, मध्यभागी ड्रिलनं भोक पाडलं आणि स्क्रूनं तुकडा आवळला. झाकण तापलं, तुकडा टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधात पाल पडता पडता राहिली. (सॉकेटातली ती हीच, असा माझा कयास.) बायको गच्चीवर आली, झाकण पाहिलं, भोक पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘दिंडी जाऊ द्या, मग बघते.’’

गच्चीवर तसं आमचं भांडण आधीपासूनच पेटलेलं होतं. चैत्र-वैशाख म्हणजे कुरडयांचे दिवस. पहाटे गव्हाचा चीक शिजतो, आठपर्यंत गच्चीवर धोतरं अंथरली जातात आणि त्यावर पांढऱ्या नक्षीची रांगोळी उठते. त्या गच्चीतला तीन फूट लांब-रुंद तुकडा मी पॅनेलला मागितला. मी म्हणालो, विज्ञान आहे. ती म्हणाली, कुरडई काय अंधश्रद्धा आहे? आणि खरं सांगायचं तर आकडेही तिच्या बाजूचे निघाले. 1954 साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर सेल झाला, तेव्हा अंगावर पडलेल्या उन्हातल्या सहा टक्क्यांची तो वीज करत असे. आता चांगली पॅनेलं वीस टक्क्यांवर गेलीत. म्हणजे सत्तर वर्षं जगभरची डोकी खपून शंभरातलं वीस. कुरडई पडलेलं सगळं ऊन अंगी लावते, संध्याकाळी कडकडीत वाजते आणि तळल्यावर चौपट फुलते. पॅनेलला पूर्वेची जागा मिळाली नाही. जिन्याच्या कठड्यावर मिळाली, दुपारनंतर.

त्यात आणखी एक खोच. पॅनेलच्या मागं जे आकडे छापलेले असतात ते सेल 25 अंशांना असतानाचे. वैशाखात करमाळ्यात 25 अंश दुपारी कुठं सापडतात? माठात. पॅनेल तापून साठीच्या पुढं जातं आणि दर अंशाला त्याचा व्होल्टेज 0.3-0.4 टक्क्यानं उतरत राहतो. ऊन वाढतं तशी वीज वाढेल, हे माझं सगळं गणित इथं आडवं झालं. म्हणजे याला ऊन पाहिजे पण ताप नको. हुरड्याला येणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांसारखं: शेत पाहिजे, ढेकूळ नको. पॉवर बँकेचं तर त्याहून नाजूक. लिथियमच्या सेलला पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, म्हणून ती सावलीत, ओल्या पोत्याच्या पलीकडं, वाऱ्यावर. बाळंतिणीची एवढी निगा आमच्या घरात कुणी राखली नव्हती.

तिसरा टप्पा म्हणजे निळी पट्टी. काड्यापेटीपेक्षा लहान, तिच्यावर एक तांब्याच्या तारेचं वेटोळं, दोन कपॅसिटर, एक चिप आणि एक चिमुकला पितळी स्क्रू. पोरगा तिला ‘बक’ म्हणतो. चिपवर एलएम 2596 लिहिलेलं. ‘‘ही गिळत नाही, गुरुजी. ही चालू-बंद करते. सेकंदाला दीड लाख वेळा.’’

आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आमचा वायरमन महिन्यातनं एकदा चालू-बंद करतो तर डीपी जळतोय.’’

पण कल्पना त्यांना पटली. कॉक अर्धवट उघडा ठेवून पाणी वाया घालवण्यापेक्षा पूर्ण उघडायचा, पूर्ण मिटायचा, पुन्हा उघडायचा, आणि पुढं एक छोटी टाकी ठेवायची; टाकीतनं ठिबकला सारखं पाणी. वेटोळं आणि कपॅसिटर म्हणजे ती टाकी. यात वाया फार थोडं जातं. पॅनेलकडून सतरा व्होल्टला साधारण पाऊण अँपिअर घेतला तर पलीकडं पाच व्होल्टला दोन अँपिअर मिळतात. प्रेशर कमी झालं आणि पाणी वाढलं! आबांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, ‘‘असली पट्टी कालव्याला बसती का?’’

आता तो पितळी स्क्रू. तो फिरवून पाच व्होल्ट ठरवायचे. उजवीकडं फिरवला, मीटर हलेना. अकरा वेढे झाले. मारुती अकरा प्रदक्षिणांत पावतो, हा पावला नाही. मग कळलं की दिशा उलटी आहे आणि हा स्क्रू एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पंचवीसएक वेढे घेतो. डावीकडं अकरा परतफेडीचे, पुढं सहा-सात, तरी मीटर सोळा-सतराच दाखवतोय. आणि मग एकाएकी, जसं झोपलेलं पोर एकदम पळत सुटतं, तसा आकडा उतरायला लागला: बारा, नऊ, सहा, चार. मागं. पाच पॉइंट तीन. किंचित पुढं. पाच पॉइंट एक. मी श्वास सोडला तोही पट्टीच्या बाजूला तोंड न करता. या वेळी आधी मीटर लावला, मग पॉवर बँक. हा क्रम मला बाराशे रुपयांना पडलाय, वाचकांनी तो फुकट घ्यावा.

तार तोडली की आत चार धागे निघतात. तांबडा आणि काळा विजेचे. हिरवा आणि पांढरा बोलण्याचे. हिरवा-पांढरा एकमेकांना जोडून दिला की पुष्कळशा पॉवर बँका समजतात, पलीकडं दमदार चार्जर आहे, आणि दीड-दोन अँपिअरपर्यंत ओढतात. सुटा ठेवला तर बऱ्याचशा भिऊन अर्ध्यावर राहतात. मी जोडून दिला. वैशाखातल्या स्वच्छ दुपारी दहा हजारांची पॉवर बँक चार-साडेचार तासांत भरली. मी ती हातात घेऊन गल्लीतनं एक चक्कर मारून आलो.

दहा हजारांचंही एक गौडबंगाल आहे. मुलानं फोनवर सांगितलं, की हा दहा हजार मिलिअँपिअर-तासांचा आकडा आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टचा. बाहेर पाच व्होल्टला येईपर्यंत आणि वाटेतली गळती जाऊन हातात पडतात सहा-साडेसहा हजार. मी चिडलो. आबा चिडले नाहीत. ‘‘दांड्याचं वजन धरून सांगितलंय,’’ ते म्हणाले. केळीच्या व्यवहारात आयुष्य गेलेला माणूस, त्याला ‘भरलेलं वजन’ आणि ‘धरलेलं वजन’ यांतला फरक कुणी शिकवायचा?

मग मृग लागला.

आमच्याकडचे ढग पाऊस द्यायला येत नाहीत, ऊन अडवायला येतात. पर्जन्यछायेतली ती छाया म्हणतात ती जूनमध्ये पहिल्यांदा माझ्या दृष्टीस पडली, तीही नेमकी पॅनेलवर. आणि पॉवर बँकेचं काहीतरी विचित्र सुरू झालं. दिवे लागायचे, विझायचे, लागायचे, विझायचे. मीटर लावला. सतराचे सहा व्हायचे, क्षणात वीस व्हायचे, परत सहा. पट्टी बिघडली म्हणून दुसरी आणली. तीही तसंच करू लागली. तीन दिवस मी जेवणाच्या ताटावरही तो दिवा आठवत बसलो.

आणि हे कोडं, सांगायला अभिमान वाटतो, मी सोडवलं. विज्ञानानं नाही, मास्तरकीनं. पोराला उभं करून पाढा विचारा. सातचा म्हणेल, नऊचा म्हणेल. एकदम एकोणतीसचा विचारला की ते एकोणतीसचा तर सांगत नाहीच, पण बेचाही विसरतं आणि नुसतं उभं राहतं. बसवलं की बसल्याजागी सगळे पाढे आठवतात. पॅनेल असंच आहे. ऊन असेल तेवढाच अँपिअर त्याच्यापाशी. ढग आला, त्याची ऐपत पाचव्या हिश्शावर आली, आणि पॉवर बँक मात्र हिरवा-पांढरा जोडलाय म्हणून दोन अँपिअरच मागत राहिली. मागणी पेलेना तसं त्यानं व्होल्टच टाकून दिले. ओझं सुटलं की परत वीस. मोकळ्या पॅनेलवर मीटर लावून आकड्याला भुलू नये, हे तेव्हा समजलं. बसलेल्या पोराला सगळं येतच असतं.

हिरवा-पांढरा सोडवला. लुकलुक थांबली, पण दिवसभरात पॉवर बँक पाव भरेना. आषाढी पंधरा दिवसांवर. मी आबांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘शेततळं करा.’’

‘‘आबा, मी विजेचं बोलतोय.’’

‘‘मी बी. लाईट रात्री येती, पाणी दिवसा पाहिजे. मग काय करतो आम्ही? आठ तास जे मिळंल ते तळ्यात टाकतो आन् लागंल तवा लागंल तेवढं घेतो. तुमचं ऊन बी तसलंच. आलं तवा साठवा.’’

म्हणजे मध्ये एक बारा व्होल्टची मोठी बॅटरी. ढग असला तरी पॅनेल तिच्यात थेंबथेंब सोडत राहणार, तिच्या डोक्यावर एक कंट्रोलर, भरली की तोडणारा. आणि तिच्यातून निळ्या पट्टीनं पाच व्होल्ट काढायचे, मग पॉवर बँका कितीही ओढोत. योजना बिनचूक होती. बॅटरीच्या दुकानात मी ती सांगितली तेव्हा दुकानदारानं फक्त एक प्रश्न विचारला, ‘‘म्हणजे बॅटरी भरायला बॅटरी पाहिजे?’’ मी हो म्हणालो. ‘‘आणि त्या बॅटरीनं मोबाईलची बॅटरी?’’ मी पैसे मोजून निघून आलो.

हिशेब मी मांडला होता, तो कुणाला दाखवलेला नाही. दहा हजारांची एक पॉवर बँक भरायला सगळी गळती धरूनही एका युनिटचा विसावा भाग लागतो. घरच्या विजेनं ते पन्नास पैशांच्या आसपास पडतं. माझ्या उन्हाची पहिली पॉवर बँक, बॅटरी, कंट्रोलर, दोन पट्ट्या, फोडावरचं मलम आणि जर्मनचं झाकण धरून, साडेपाच हजारांना पडली. दुसरी मात्र फुकट.

दिंडी आली. दिवसभर आभाळ भरलेलं, थेंब नाही. ओसरीवर मी मांडणी करून बसलो होतो: कोपऱ्यात बॅटरी, तिच्यावर निळी पट्टी, तिच्यावरचा निळा दिवा, पुढं चार भरलेल्या पॉवर बँका आणि पोरानं दिलेल्या बारा तोंडांच्या वायरी. दिंडीतल्या लोकांनी ते पाहिलं, नमस्कार केला (मला की बॅटरीला, कळलं नाही) आणि सरळ जाऊन भिंतीवरच्या सॉकेटात आपला एक्स्टेन्शन बोर्ड खोचला. त्यांनी येताना आठ भोकांचा आणला होता. लाईट होती. सहाला होती, सातला होती, आठला होती. वर्षभर टिकली नसेल इतकी स्थिर. माझ्या मांडणीकडं मुलं येऊन बघून जात होती. मी आयुष्यात पहिल्यांदा लाईट जावी म्हणून वाट पाहत बसलो. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘मेन स्विच कुठंय ते माहितेय मला. हात लावू नका.’’

भजन संपलं, नऊ वाजून वीस मिनिटं झाली, आणि अंधार झाला.

‘‘गेली!’’ मी ओरडलो. लाईट आल्यावर पोरं ओरडतात तसा.

मग अर्ध्या तासात ओसरीवर पंढरपूर झालं. बावीस फोन. गेल्या वर्षीच्या आजीही होत्या. त्यांचा फोन बटणांचा, बारीक गोल पिनचा. बारा तोंडांत ते तोंड होतं. त्यांनी पाच मिनिटं धीर धरला, मग तार न काढताच घरी फोन लावला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘‘पाऊस झाला का?’’ पलीकडून काही उत्तर आलं. ‘‘आमच्या हितं बी न्हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हितं नुसती सावली हाय.’’

सगळे निजले. निळ्या पट्टीवरचा दिवा जेवढासा, पण काळोख्या ओसरीत तो डोळ्यांत टोचायला लागला. आजी कुशीवर वळल्या, पदर डोळ्यांवर घेतला, मग उठून बसल्या. ‘‘गुरुजी, तेवढा दिवा झाका की. झोप लागंना.’’ मी अंधारात चाचपत मांडणीकडं गेलो आणि हाताला लागलं ते झाकण आणून पट्टीवर उपडं घातलं.

ओसरी काळी झाली. फक्त झाकणाच्या मधोमध मी पाडलेल्या भोकातून निळ्या उजेडाचा एक दोरा निघाला आणि वर आढ्याला टेकला. आजी त्याच्याकडं बघत राहिल्या. ‘‘असू द्या तेवढा,’’ म्हणाल्या.

आतून बायकोचा आवाज आला, ‘‘सकाळी दूध तापवायच्या आधी झाकण मांडणीवर पाहिजे.’’